हेझलफर्ड, व्हाया चुडावा

मन्मथअप्पांच्या दुकानात नुसतं पावशेर मीठ मागितलं तरी ते लगेच मिळत नसे. अप्पा तागडी हातात धरून थांबायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "आधी सांगा, मिसेस पार्कर का मिस्टर ग्राइम्स?"

हे दोघे चुडाव्याचे नव्हेत. पूर्णेचे किंवा परभणीचेही नव्हेत. ते राहायचे विलायतेत, हेझलफर्ड नावाच्या गावात, आणि तिथल्या टाउन कौन्सिलच्या एका जागेसाठी एकमेकांविरुद्ध उभे होते. निजामी अमदानीत आम्हाला कुणी साधं मत विचारत नव्हतं, आणि हा किराणा दुकानदार समुद्रापलीकडच्या निवडणुकीचा प्रचार चुडाव्यात करत होता. मी तेव्हा चुडावा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होतो. गाड्या मोजक्या, तिकिटं त्याहून मोजकी. त्यामुळे अप्पांच्या तावडीत सापडायला माझ्यासारखा मोकळा माणूस दुसरा नव्हता.

हे खूळ आलं रद्दीतून. पुड्या बांधायला अप्पा सिकंदराबादेहून रद्दीचे गठ्ठे मागवत. तिथल्या छावणीतला कुणी गोरा साहेब आपल्या गावचं साप्ताहिक टपालाने मागवत असावा आणि त्याचा बटलर ते रद्दीत विकत असावा. एका गठ्ठ्यात त्याचे बरेच अंक निघाले. अप्पा नांदेडला थोडं शिकलेले. इंग्रजी अक्षरं त्यांना लागत, अर्थ लागत नसे. अर्थासाठी मी होतो.

एका अंकात लिहिलं होतं की उमेदवार घरोघर जातात, दार वाजवतात आणि लोकांना त्यांचं म्हणणं विचारतात. एवढी ओळ अप्पांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली.

"दारात उभं ऱ्हाऊन इचारत्यात?"

"हो."

"आन् आपल्याला? जलमल्यापासून कुनी इचारलं का?"

'कुनी इचारलं का' हे अप्पांचं पालुपद होतं. जकात वाढली, कुनी इचारलं का? गाडीची वेळ बदलली, कुनी इचारलं का? या दुसऱ्या तक्रारीच्या वेळी ते माझ्याकडे असे बघत की जणू वेळापत्रक मीच लिहितो. त्यांच्या वडिलांनी त्यांचं लग्न ठरवलं तेव्हाही त्यांना विचारलं नव्हतं. पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. बायको लाखात एक निघाली होती. ती गेली, मग तरणाबांड एकुलता मुलगा तापाने गेला, आणि घरात अप्पा आणि त्यांची विधवा सून शिवकांता एवढी दोनच माणसं उरली. सासरा-सुनेने समोरासमोर बोलायची रीत नव्हती. अप्पा आतल्या दाराच्या चौकटीला सांगत, "बाबूसाबाला च्या ठिवा म्हनावं." थोड्या वेळाने चौकटीतून चहा येई. गूळ बरोबर माझ्या जिभेचा असे.

तर मिसेस पार्कर. या बाई बेकरी चालवत. गरिबांच्या गल्लीत दिवे लावा, हे त्यांचं म्हणणं. ग्राइम्स हे दारूच्या भट्टीचे मालक. ते म्हणत, दिवे कशाला, लोक रात्री झोपतात. अप्पा दुकानदार, बाई दुकानदार, त्यामुळे अप्पांचा पाठिंबा ठरलेला होता. आमच्या पाटलांना मात्र ग्राइम्सचं पटलं. "रातीला मानूस झोपतंय, ह्ये खरंच हाय की," ते म्हणाले. झालं, चुडाव्यात दोन पार्ट्या पडल्या. ज्यांनी इंग्रज माणूस फक्त रेल्वेच्या खिडकीत पाहिला होता, ते ग्राइम्सच्या चारित्र्यावरून पारावर भांडू लागले.

भांडण मिटेना तेव्हा अप्पांनी मतदान घेतलं. माल ठेवायच्या खोलीत गोणपाटाचा पडदा बांधला, आत दोन डबे ठेवले. बाईंचा बिस्किटांचा डबा, भट्टीवाल्याचा रॉकेलचा. प्रत्येकाला एक सुपारी द्यायची, ती त्याने आत जाऊन हव्या त्या डब्यात टाकायची. पहिल्या दिवशी दोन्ही डबे रिकामे निघाले आणि गावभर लोक सुपारी चघळत हिंडत होते. दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी चिंचोके दिले.

ही बातमी पोलीस जमादारांच्या कानावर गेली. ते काठी आपटत आले. "इलेक्शन की इजाजत है क्या?"

"हितला न्हाई जी, इलायतंतला हाय," अप्पा म्हणाले.

जमादार विचारात पडले. विलायतेच्या बादशहाच्या मुलखात लक्ष घालायचा हुकूम त्यांना नव्हता. मग त्यांनी हळूच हात पुढे केला. अप्पांनी त्यावर चिंचोका ठेवला. जमादार पडद्याआड जाऊन आले आणि मला दम दिला, "किसीकू बोलना नक्को." कुठल्या डब्यात टाकला ते मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे बोलणार काय? आमच्याकडे मिसेस पार्कर निवडून आल्या.

खरा निकाल मात्र सापडेना. अप्पांनी गठ्ठे उपसले, आम्ही दोघं धुळीने शिंकून हैराण झालो. शेवटी तो पाटलांच्या घरी निघाला. अप्पांनी स्वतःच त्या पानात गूळ बांधून दिला होता. पाटील तो गुळमट कागद घेऊन पडल्या चेहऱ्याने आले. कागदावर फोटो होता. मिसेस पार्कर आणि ग्राइम्स हात मिळवत होते, आणि बाई तोंडभर हसत होत्या.

"तुमची बाई आली," पाटील म्हणाले.

अप्पांनी दुकानातली अख्खी ढेप फोडली आणि दिसेल त्याच्या हातावर गूळ ठेवला. मी स्टेशनवरून आलो तोवर पोरं हात चाटत होती. मी फोटोखालची ओळ वाचली आणि नको ते काम माझ्या गळ्यात पडलं. बाई थोडक्यात हरल्या होत्या.

"तुमची वाचायला चूक व्हायलीय, बाबूसाब. हरलेलं मानूस हासतंय कुटं?"

मी पुन्हा वाचून दाखवलं. बाईंनी ग्राइम्सचं अभिनंदन केलं, त्यांना शुभेच्छा दिल्या, असं छापलं होतं. आमच्याकडे बांधाचा दावा हरलेला माणूस समोरच्याची कडब्याची गंजी पेटवतो. हात मिळवायला जात नाही. अप्पांना ते कोडं सुटेना. त्यांनी तो फोटो खळीने दुकानाच्या भिंतीवर चिकटवला आणि गिऱ्हाईक नसलं की त्याच्यासमोर बसू लागले. "ही बाई हासती कशी," एवढंच म्हणायचे. पाटील मोठ्या मनाने म्हणाले, "दात चांगलं आसत्याल."

पुढे संक्रांतीच्या आसपास वालूरहून अप्पांचे व्याही, म्हणजे शिवकांताचे वडील आले. पोरगी तरणी आहे, एका शेतकऱ्याचं स्थळ आलंय, त्याची बायको गेलीय, पदरी लहान मुलगी आहे, आपल्यात विधवेचा पाट लागतो, तर हिला न्यावं म्हणतो, असं त्यांनी चाचरत सांगितलं. दुकानात पाटील होते, मी होतो. आता अप्पा भडकणार याबद्दल आम्हाला शंका नव्हती. ती गेली तर त्या घरात भाकरी करणारं आणि अप्पांचं ऐकून घेणारं कुणी उरत नव्हतं.

"मी धाडनार न्हाई," अप्पा म्हणाले.

"मी बाप हाय तिचा," व्याही म्हणाले.

"आन् मी कोन हाय? तुमी परस्पर स्थळ ठरवताव, मला कुनी इचारलं का?"

एवढं बोलून अप्पा भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले. मग उठले आणि माल ठेवायच्या खोलीत जाऊन गोणपाट झटकू लागले.

"काय करायलाव?" व्याह्यांनी विचारलं.

"तिला इचारायलोय."

"बाईमानसाला काय इचारायचं?"

"तितं बाई उबी ऱ्हाती, व्याही. हितं बाईनं येक चिंचोका टाकला तर कोनाचं काय जायलंय?"

बिस्किटांचा डबा चांगला होता, त्यावर फुलं होती. तो अप्पांनी वालूरला दिला. आपल्याकडे गंजलेला रॉकेलचा ठेवला. मग ते आतल्या दाराशी गेले आणि त्या दिवशी चौकटीशी बोलले नाहीत. "शिवकांता," ते म्हणाले, "बिस्किटाचा डबा म्हंजी वालूर. राकेलचा म्हंजी हितं. मला वाईट वाटंल म्हनून टाकू नगंस."

ती डोक्यावरचा पदर सावरत पडद्याआड गेली. दोन डब्यांचे आवाज वेगळे होते आणि ते अप्पांइतके कुणाला माहीत नव्हते. म्हणून त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळेही मिटले. मी मात्र ऐकलं.

मोजणी अप्पांनीच केली. रॉकेलचा डबा त्यांनी उलटा करून हलवला, जरा जास्तच हलवला. मग दुसऱ्या डब्यातला चिंचोका काढून तळहातावर ठेवला.

"निकाल म्हंजी निकाल," ते म्हणाले. पाटलांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

सेलूची दोन तिकिटं मीच दिली. तिथून पुढे वालूरला बैलगाडी. अप्पा डोक्याला नवा रुमाल बांधून प्लॅटफॉर्मवर आले होते आणि सारखे हसत होते. गाडी लागल्यावर त्यांनी व्याह्यांपुढे हात केला. व्याह्यांना वाटलं काही द्यायचं राहिलंय. ते कोपरीचे खिसे चाचपू लागले. अप्पांचा हात तसाच हवेत राहिला.

तेवढ्यात खिडकीतून शिवकांताचा हात बाहेर आला. फोटो तिनेही रोज पाहिला होता. सुनेने सासऱ्याशी हात मिळवला, सगळ्या चुडाव्यादेखत, अगदी जमादारांच्याही देखत. ती रडत होती. अप्पा तोंडभर हसत होते, गाडी सिग्नलपार जाईपर्यंत हसतच होते. मला ते बघवेना.

मग ते माझ्या खिडकीशी आले. रुमाल सोडून त्यांनी तोंड पुसलं.

"बाबूसाब, हात मिळवून झाल्यावर ती पार्कर बाई घरी गेली आसंल न्हवं?"

"गेली असेल."

"मंग घरी तिला कुनी इचारलं का, जेवलीस का म्हनून? छापलंय का कुटं?"

मी खिडकी बंद केली, बाहेर आलो आणि विचारलं, "अप्पा, जेवलात का?"