पडू काय?

आमचे शेजारी इनासकाका कुणाच्याही घरात सरळ चालत येत नाहीत. उंबऱ्याला अडखळतात, एक कोलांटी खातात आणि थेट खुर्चीत येऊन बसतात. पाहुणे किंचाळतात. आम्ही चहा टाकतो.

एकेकाळी काका मारामारीच्या विनोदी सिनेमांचे हीरो होते. गच्चीवरून उडी मारायची, शेणात पडायचं आणि पडता पडता गुंड लोळवायचे, यावर त्यांनी उभी हयात काढली. आता सत्तरी आली, काकी गेल्या, गुडघ्यांची पार वाट लागली. डॉक्टरांनी पडायला सक्त मनाई केलीय. पण ऐकतील ते काका कसले! वसईच्या बाजारात कुणी ओळखलं की "पडू काय?" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता मासळीवालीसमोर आडवे होतात. बारशाला तेच, लग्नाला तेच, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा.

अशा माणसाला एका गंभीर पोलिसपटात इन्स्पेक्टरचं काम चालून आलं. अख्ख्या सिनेमात एकदाही पडायचं नाही! मोठा प्रसंग एकच. इन्स्पेक्टर एका आईचं दार ठोठावतो आणि तिचा मुलगा गेल्याचं सांगतो. दिग्दर्शकाने बजावलं होतं, आधी करून दाखवा, लोक हसले तर दुसरा नट बघतो.

"तुझ्या काकीच्या मयताला मी रडत होतो, तर मागे लोक खुदखुदत होते," काका मला म्हणाले. "एकदा तरी मला बघून कुणी हसायला नको रे."

तालीम सुरू झाली ती आमच्या दारात. रोज!

"तुमच्या दारात करा की," मी वैतागून म्हटलं.

"माझं दार ठोकलं तर आतून उघडणार कोण?"

मी आईला हाक मारली.

दार उघडायची माझी आई, नातल. माझा धाकटा भाऊ डॉमनिक जहाजावर नोकरीला असतो, म्हणून काकांना तीच योग्य वाटली. ते खाकी वर्दीत पोट आत ओढून म्हणायचे, "माय, तुझा पोरगा..." आणि आई पोट धरून हसायची. "इनास, मेल्या, बँडवाला दिसतोस तू!" काका फुगून निघून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

शनिवारी मात्र दारावर हलकेच टकटक झाली. आईने उघडलं. काका अडखळले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि पाठ केलेलं वाक्य बोललेच नाहीत.

"माय, आधी जरा खाली बस," एवढंच म्हणाले.

आई बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "माझा डॉमनिक..." तालीम आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी रडू आवरेना. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. जमलं की! आता काम कुठे जातंय!

काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नातल, अगं खोटं आहे सगळं. सकाळीच त्याचा फोन आला ना?"

आई ऐकेना. काका कावरेबावरे झाले, माझ्याकडे बघू लागले. मग त्यांनी टोपी डोक्यावर तिरकी चढवली आणि पायरीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"नातल, इकडे बघ. पडू काय?"

या खेपेला ते उत्तराची वाट बघत थांबले. आईने नाक पुसत मान डोलावली.

काका पायरीवरून थेट कोथिंबिरीच्या वाफ्यात गेले.

"हसली काय रे?" मातीत तोंड खुपसूनच त्यांनी विचारलं.

"हसली."

"मग झालं. आता मला उठव."