मोरूकाका ‘ऐकणारे’ ग्रुपात

मैथिलीचा प्लॅन म्हणजे एकदम फुलप्रूफ होता, बरं का! नागावातल्या होमस्टेवाल्यांना टॉवेलचा हंस करायला शिकवायचं, तेही ऑनलाइन. पाहुण्यांनी खोली उघडली की पलंगावर हंस!

"माणूस तसा धडा," ती आईला म्हणाली. "कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून. मी तिघांनाही पुरून उरणार!"

उरायलाच हवं होतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर ऑफिसच्या बॉस हेमांगी मॅडमसमोर हंस झाले, तर मैथिलीला कायम घरून काम. नाही झाले, तर पुण्याचं ऑफिस आणि हॉस्टेलचं पाणचट वरण!

तिनं एकेकाला फोन करून ‘कसं शिकता’ ते विचारलं, तीन धडे बनवले आणि व्हॉट्सॲपवर तीन ग्रुप काढले: ‘बघणारे’, ‘ऐकणारे’, ‘करणारे’. शिकणाऱ्याला मोकळीक हवी म्हणून सगळ्यांनाच ॲडमिन केलं. इथंच माशी शिंकली!

थोड्याच वेळात होमस्टेवाले मोरूकाका अंगणात हजर. चेहरा तापलेल्या तव्यासारखा.

"मैथिली, माझा नाव ‘ऐकणारे’त कोनी घातला?"

"मीच. तुम्हीच म्हणालात ना काका, ऐकून शिकतो म्हणून..."

"अगो, नाक्यावर पोरा हसतान! इचारतान, घरान कुनाचा ऐकता!"

मागोमाग कमळकाकी. त्या दुप्पट चिडलेल्या. "यो मानूस ऐकनारा? गॅस आनायला सांगून चार दिस झाले! काढ आधी त्याला!"

नवऱ्याला बदनामी वाटत होती, बायकोला खोटं सर्टिफिकेट!

मैथिली तोंड उघडेपर्यंत ‘ऐकणारे’तून झाडून सगळे पुरुष बाहेर पडले आणि ‘करणारे’त घुसले. तिथं बायका टपलेल्याच! "करणारे? कप तरी विसळलाय का कधी?" सगळ्याच ॲडमिन, मग काय! एकेकाला उचलून ‘बघणारे’त टाकलं. नुसते बघे! तेवढ्यात किशोरीमावशीला वाटलं, ‘बघणारे’ म्हणजे स्थळं बघणारे. तिनं आपल्या अल्पेशचा बायोडाटाच टाकला, गॉगलवाल्या फोटोसकट! खाली लगेच अभिनंदनं सुरू!

रविवार उजाडला. स्क्रीनवर मॅडम आणि चौकोनाचौकोनात जोडपी.

"‘करणारे’ कोण आहेत? त्यांच्यापासून सुरुवात करू," मॅडम म्हणाल्या.

"आम्ही बाया," कमळकाकी म्हणाल्या. "आमचा यो नुसता बघनारा."

मोरूकाकांच्या मिशा थरथरल्या! टॉवेल ओढला, दोन्हीकडून गुंडाळला, मान वाकवली... हंस! असा रुबाबदार की आता उठून समुद्राकडे चालू लागेल! ते बघून बाकीचे काकाही इरेला पेटले. कुणाचं बदक झालं, कुणाची पाणकोंबडी, पण सगळी स्क्रीन पाखरांनी भरली!

"कमाल!" मॅडम टाळ्या वाजवायला लागल्या. "राहा बाई तू नागावातच! बरं, कुठला धडा जास्त चालला?"

मैथिलीनं ऐटीत आकडे उघडले आणि चष्मा पुसावा तशी स्क्रीनच पुसली. बघायचा धडा शून्य, ऐकायचा शून्य, करायचा शून्य. एकाही धड्याला कुणी हात लावला नव्हता!

"मग काका, तुम्ही शिकलात कसे?"

"त्यान शिकायचा काय?" हंसाची चोच नीट करता करता काका बोलून गेले. "हिच्या दिवेआगरच्या माहेरी होमस्टे, हिला येतंच होता. काल किशोरीला सांगत होती, कसा गुंडालायचा, कसा वाकवायचा. मी पडवीतून ऐकला..."

सगळ्या चौकोनांतल्या बायका कॅमेऱ्याजवळ सरकल्या.

"काय केला?" कमळकाकींनी कान पुढे केला. "परत बोला! जरा मोठ्यान!"

मोरूकाकांनी घाईघाईनं कॉलच कापला.

मॅडमना अजून वाटतं, नागावात रेंजचा प्रॉब्लेम आहे.