नथूभाऊंची मिटलेली छत्री

आमच्या कंपनीतले नथूभाऊ छत्री बारमाही बगलेत बाळगत आणि पावसात ती उघडत नसत. चिंचवड स्टेशनापासून गेटपर्यंत ओलेचिंब येत आणि मिटलेली छत्री टाइम ऑफिसात माझ्या टेबलाला टेकवून ठेवत.

"अहो, उघडा की!"

"उघडली की त्यो जातो, साहेब."

त्यो म्हणजे पाऊस. नथूभाऊ लेथवर कामाला, पण जीव पवन मावळातल्या भाताच्या खाचरांत. पावसाचं नाव ते टाळत, नव्या नवरीनं नवऱ्याचं टाळावं तसं. तक्रारी मात्र फोरमनच्या थाटात: "पैलं मिरगाला फर्स्ट शिफ्टला हजर असायचा. आता कवाबी येतो, हाफ डे करून जातो. आन् भात कापणीला आलं, की ह्याचा ओव्हरटाइम!"

दोष आमच्या धुराड्याचा. "त्याला धूर सोसत न्हाई," असं ते बिडीचा झुरका सोडत सांगायचे.

अंदाज वर्तवायची हौस दांडगी. कॅन्टीनच्या पत्र्यावर कावळा ओरडला, की "उद्या लागतोय बघा." ते असं म्हणाले, की आमच्या घरी गोधड्या वाळत पडत.

एरवी अंगात ताप असला तरी ते कामावर येत. रजा सगळी लावणीसाठी राखलेली. रोप तयार, खाचरात पाणी आणि हातात रजा, तिन्हींची गाठ पडायला हवी. त्या वर्षी मी नवा ट्रान्झिस्टर घेतला होता आणि त्याबरोबर थोडी अक्कलही आल्यासारखं वाटत होतं.

"नथूभाऊ, कावळे सोडा. रेडिओवर जोरदार पाऊस सांगितलाय. आजच सुटा."

ते सुटले. रेडिओनं पाऊस कोकणाला दिला होता, मी तो परस्पर घाटावर ओढून घेतला होता. नथूभाऊ रजाभर ढेकळांवर बसून परतले. नखांत चिखलाचा कण नाही. रोप वाफ्यात उभ्याउभ्या पिवळं पडत चाललेलं.

"साहेब, तुमच्या पेटीतबी कावळाच हाय व्हय?" एवढंच म्हणाले.

ते लेथवर उभे राहिले आणि त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. त्यांनी पुन्हा रजा मागितली, तर फोरमन म्हणाला, "भात लावायला कंपनी बंद ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटवर त्यांची बायको उभी. ओल्या गोणपाटात रोपाची जुडी, अंगात हुडहुडी.

"पैली मूठ ह्यांच्या हातची लागती," ती मला म्हणाली. "खालची खाचरं भरल्यात. उद्या बाया येत्यात लावायला. निस्ता हात लावू द्या, लगेच नेते."

नथूभाऊ आले. तेलकट हात आधी लाकडाच्या भुशानं चोळले, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं. गेटबाहेरच्या चिखलात वाकून मूठभर रोप रोवलं, अलगद उपटलं आणि तिच्या हाती दिलं. "जा, उरक. त्यो हाय तवर."

मग तिच्याकडे नीट बघितलं. आत जाऊन छत्री आणली आणि तिच्या डोक्यावर फाडकन उघडली. कापडाला झुरळांनी जागोजागी खिडक्या पाडल्या होत्या.

"आवं, मिटा आधी!" ती ओरडली. "वरली खाचरं भरायचीत अजून."

"तुला ताप भरंल."

"भरू द्या. मिटा म्हंते ना!"

नथूभाऊ तसेच छत्री धरून उभे. शेवटी तिनंच ती ओढून मिटली, बगलेत मारली आणि धो धो पावसात एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली.

मी शेजारीच उभा होतो, माझी नवी छत्री ऐटीत उघडून. नथूभाऊ माझ्याकडे वळले. नुसतं त्या छत्रीकडे बघितलं.

मी ती मिटली.