गाडीबाहेरचा हँडब्रेक

सालोला टाउनशिपच्या अग्निशमन दलाकडे जी छोटी गाडी होती तिला हँडब्रेक नव्हता. याविषयी टाउनशिपमध्ये कोणाची तक्रार नव्हती, कारण उतारावरून सुटलेली गाडी दर वेळी कुठे ना कुठे थांबत असे. ती जिथे थांबत असे ती जागा आर्मास लेहतोची होती.

गाडी तशी गुणी. पुढे दोन माणसं, मागे हौदा. चिखल असो की कमरेइतका बर्फ, जंगलात अडकलेला शिकारी तिनं उचलून आणलाच म्हणून समजा. फक्त तिच्या इंजिनाचा जोर रबरी पट्ट्यामार्फत चाकांना मिळत असल्यामुळे इंजिन बंद केलं, की गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर घरंगळायची. आणि दलाची शेड होती नेमकी टेकडीच्या उतारावर. म्हणून गाडी अडवायला मागच्या चाकाखाली ओंडक्याच्या तुकड्याची उटी लावायचा नियम होता. पण मिशिगनच्या या उत्तर टोकाला अर्धं वर्ष बर्फ. शेडमधली शेगडी विझत आली की समोर दिसेल ते लाकूड आत जायचं, आणि उटी हेही लाकूडच होतं.

उताराच्या तळाशी, तळ्याच्या काठावर, आर्मासचा सॉना होता, म्हणजे वाफ घेत घाम गाळायची खोली. फिनलंडहून आल्यावर त्याच्या आजोबांनी राहतं घर बांधायच्या आधी ही ओंडक्यांची खोली बांधली होती. आर्मासचा बाप तिच्यातच जन्मला, आणि खुद्द आर्मासही. दर शनिवारी तिथे दगड तापायचे, अंगावर झोडायला बर्चच्या फांद्यांच्या जुड्या भिजायच्या आणि अर्धं गाव घाम गाळायला यायचं. आर्मासला या खोलीइतकं प्यारं जगात दुसरं काही नव्हतं. त्याच्या बायकोला, तैमीला, हे माहीत होतं आणि तिची हरकत नव्हती.

पहिल्यांदा गाडी आली ती सॉनाच्या सरपणात घुसली. दलाचा प्रमुख ड्वेन पेलकोला मागोमाग धावत आला आणि नुकसान किती झालं म्हणून विचारू लागला. वर्षभर वाळवलेल्या सरपणाची पार वाट लागली होती.

"तसं फार काही नाही," आर्मास म्हणाला.

आता सालोलात अंगावर छप्पर कोसळलं तरी माणूस एवढंच म्हणतो. याहून जास्त बोलणं म्हणजे गावभर बोंब मारणं. बाकीचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं, आणि ड्वेन समजलाही. पण टाउनशिपची चिटणीस शार्लीन हिनं ते वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात घातलं, आणि इतिवृत्ताला समजून घ्यायची सवय नसते.

आर्मासची हयात लाकूडतोड्यांच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली होती. एक दांडा, एक वायर, मागच्या चाकाच्या चकतीला करकचून धरणारा एक चिमटा. एका दुपारचं काम. सामान त्याच्याकडे पडलेलंच होतं. मी बसवून देतो, असं त्यानं सभेत सांगितलं. सगळे म्हणाले, छान कल्पना आहे. सालोलात कल्पना छान ठरली की ती सुरक्षा समितीकडे जाते.

ड्वेनच्या अध्यक्षतेखाली समितीनं विषयाचा सर्व बाजूंनी विचार केला. कारखान्यानं न बसवलेला ब्रेक बसवला आणि तो निकामी झाला, तर जबाबदारी टाउनशिपची. बसवलाच नाही, तर तो निकामी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सबब, विद्यमान स्थितीत गाडीचा हँडब्रेक पूर्णतः निर्धोक आहे, असा निष्कर्ष एकमतानं निघाला. आर्मासनं तो पुन्हा पुन्हा वाचला. त्यात चूक काय ते त्याला दाखवता येईना.

दुसऱ्यांदा गाडी आली ती शनिवारी. शार्लीन तैमीबरोबर घरात कॉफी पीत होती, आणि समितीची पुरुषमंडळी अंगावर सूतही न ठेवता सॉनात बसली होती. धाडकन आवाज झाला. भिंतीचा एक ओंडका वीतभर आत सरकला आणि ड्वेनच्या पाठीला टेकला. सॉनात भांडण काढायचं नाही आणि कामाचं बोलायचं नाही, हा दंडक आजोबांच्या वेळचा. ड्वेननं जरा पुढे सरकून दगडांवर पाणी ओतलं आणि आज वाफ छान धरलीय म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कपडे घालून बाहेर आल्यावर मात्र त्यानं विचारलं, "भिंतीचं काय रे, आर्मास?"

"तसं फार काही नाही," आर्मास म्हणाला, आणि आपलीच जीभ हासडून तळ्यात फेकावी असं त्याला वाटलं.

तैमीनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. "उद्या गाडी तुझ्या छातीवर येऊन थांबली तरी खालून हेच म्हणशील," ती म्हणाली. "एकदा तरी सांग ना त्यांना, की माझं वाटोळं झालंय."

"लोक काय म्हणतील?"

"काही म्हणणार नाहीत. तेही इथलेच आहेत."

मग विमा कंपनीचा निरीक्षक आला. मोठ्या पुलापलीकडचा, म्हणजे परकाच. त्याला गाडीचा हँडब्रेक बघायचा होता. तो नसेल तर गाडी वापरातून बाद, आणि गाडी बाद म्हणजे हिवाळ्यात अडकलेली माणसं जंगलातच. ड्वेनला घाम फुटला. शार्लीननं मात्र शांतपणे उताराकडे बोट केलं.

"तो काय, खाली."

निरीक्षक काटेकोर माणूस. त्यानं प्रात्यक्षिक मागितलं. उटी काढली, गाडी सुटली, थेट सॉनावर जाऊन आदळली आणि थांबली. परत वर आणून सोडली, परत तिथेच थांबली. इतका भरवशाचा ब्रेक आपण आजवर पाहिला नाही, असं म्हणून त्यानं नोंद केली: पार्किंग ब्रेक आहे, प्रकार लाकडी, बसवण्याची जागा गाडीबाहेर. मग अंगणात उभ्या असलेल्या आर्मासला त्यानं अदबीनं विचारलं, की लेहतोसाहेब, याचा आपल्याला काही त्रास? आर्मासनं काय उत्तर दिलं असेल ते तुम्हाला कळलंच.

सॉना आता सुरक्षा साधन झाला, आणि साधन म्हटलं की नियम आले. त्याला भडक पिवळा रंग दिला गेला. दाराची बिजागरी बदलायची तरी समितीची परवानगी लागू लागली. इथवर आर्मासनं सोसलं. पण शेवटचं कलम सांगायला अख्खी समिती वेलचीचा पाव घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली. न बोलावता पाव घेऊन माणसं येतात ती मयतीच्या घरी.

"तापलेला ब्रेक धोक्याचा असतो, आर्मास," ड्वेन पावाकडे बघत म्हणाला. "इथेच नाही, सगळ्या जगात. तेव्हा यापुढे सॉना तापवता येणार नाही."

मग सगळ्यांनी दोनदा कॉफी घेतली. ते गेल्यावर आर्मास सॉनात थंड दगडांपाशी जाऊन बसला आणि रडला. ज्या खोलीत आपण जन्मलो तिच्यात आता कधीच ऊब येणार नाही, हे त्याला खरं वाटेना.

रविवारी गाव चर्चमध्ये असताना तो हत्यारं घेऊन शेडमध्ये शिरला आणि त्यानं हँडब्रेक बसवून टाकला. दांडा ओढला, उटी लाथेनं उडवली, वर खांदा लावून ढकलून पाहिलं. गाडी ढिम्म. "झकास," आर्मास मोठ्यानं म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच तो असं मोठ्यानं बोलला होता आणि ऐकायला कोणी नव्हतं.

पुढच्या तपासणीला बिंग फुटलं. निरीक्षकानं गाडी सोडली, आणि ती ब्रेकपर्यंत पोचलीच नाही. मान्यताप्राप्त ब्रेकच्या कामात अनधिकृत दांड्याचा अडथळा येतो, असा शेरा आला, आणि दांडा काढून टाकण्याचा ठराव सभेपुढे आला. ड्वेनला मनातून वाईट वाटत होतं; शनिवारच्या घामावाचून त्याची स्वतःची हाडं दुखत होती. तो म्हणाला, आर्मासनं नुसती हरकत घेतली तरी ठराव मागे घेतो, मग निरीक्षकाचं मी बघतो. सगळ्या माना वळल्या. तैमीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

आर्मास उभा राहिला. माझं वाटोळं झालंय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तो ते घरी तैमीसमोर घोकून आला होता. समोर ती ओळखीची, भली, अवघडलेली तोंडं होती. आपण बोललो तर बिचाऱ्यांना किती ओशाळल्यासारखं होईल, असं त्याच्या मनात आलं.

"तसं फार काही नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

ड्वेननं आता आपल्या परसात नवा सॉना बांधलाय, सपाट जागेवर. शनिवारी आर्मासही तिथे जातो, कोपऱ्यातल्या फळीवर बसतो आणि वाफ छान आहे म्हणतो. दांडा निघाला, आणि दलाची गाडी अजूनही थांबते. उगीच हसू नका. तुमच्याकडचीही थांबतेच की. ती कशावर थांबते हे उताराच्या तळाशी राहणाऱ्याला एकदा जाऊन विचारा. तो म्हणेल, तसं फार काही नाही. आणि तुम्ही त्याच्याकडचा चहा पिऊन निवांत घरी याल.