गंगाक्कांचा काठ

महाराजांचे शिकारी चित्ते पेठेतून निघाले, की आम्ही बायका दारात धावायचो. बैलगाडीवर बसलेले चित्ते, डोळ्यांवर पट्टी, अंगावर झूल. आम्ही सगळ्या चित्ता बघायचो, शेजारच्या गंगाक्का झूल बघायच्या. एकदा त्यांनी गाडीच थांबवली. "पावणं, झुलीचा काठ वळलाय की. जनावराला टोचत असंल." गाडीवान चित्त्याला भीत नव्हता, पण अक्कांना भ्याला.

अक्का निपाणीकडच्या. कुणा मडमेकडून लोकरीचं विणकाम शिकल्या, आणि तेव्हापासून वळलेला काठ त्यांना सोसत नसे. अंबाड्यात फुलाऐवजी टाचण्या. हळदीकुंकवाला आल्या, की आधी कुणाच्या तरी पोराची कुंची ओढून सरळ करायच्या, मग कुंकू लावून घ्यायच्या. वाळत घातलेल्या पापडांच्या कडा वर आल्या, तर त्याही दाबून बसवायच्या. निम्मे पापड मोडायचे. "मोडला तर मोडला, वळल्याला नगं," म्हणायच्या.

पापड आमचे असायचे.

मला त्यांचा राग येतो, असं मी आमच्या ह्यांना सांगायची. खरं म्हणजे मी जळत होते. विणायची मीही, आणि त्यांच्यापेक्षा झपाझप. पण त्यांची शाल केळीच्या पानासारखी पसरायची आणि माझं काहीही सुईवरून उतरलं, की त्याची गुंडाळी व्हायची. मला कधी बरं न म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई त्या शालीवरून हात फिरवत म्हणायच्या, "काय गुणाचा हात आहे बाई." तेव्हा मी आत भांडी आपटायची.

त्या थंडीत मी ह्यांच्यासाठी मफलर विणला. त्याचं नळकांडं झालं. पाट्याखाली दाबून ठेवला, तर चपटं नळकांडं झालं. तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवली, तर कोपरा करपला. कचेरीतले कारकून ह्यांना विचारायला लागले, "गळ्यात धामण कुठनं आणली?"

"अक्कांना विचार जा," सासूबाई म्हणाल्या. दात-ओठ खात गेले.

मला वाटलं, हसतील. त्यांनी मफलर हातात घेतला आणि कड उलगडून बघितली.

"नुसतं सुलट दिसंल असं विणलासा, की कड आत पळतीया. कडंला चार टाकं एक सुलट, एक उलट घ्या, म्होरल्या ओळीत त्याच्या उलटं. सुरवातीच्या आन शेवटच्या ओळींनाबी तसंच. ह्यो आता भिजवून, हलकं पिळून, गादीवर ताणून टाचा. वाळंपतोर हात लावायचा न्हाय. पर खरं सांगू? उसवून काठ घातल्याबिगर कायमचा बसायचा न्हाय."

त्यांच्या गादीवर एक पुरुषी लोकरी बंडी टाचून ठेवली होती. काठ असा, की पट्टी लावून ओढल्यासारखा.

"कुणाची?" मी विचारलं.

"मालकांची."

त्यांचे मालक बेळगावला धाकट्या बायकोबरोबर राहत. सगळ्या पेठेला ठाऊक होतं, बोलत कुणीच नसे.

"दर थंडीला धाडते. घालत्यात का न्हाय, कुणाला इचारू?" अक्का टाचण्या चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल तुमचं मालक ह्योच मफलर घालून कचेरीला गेलतं. मागनं पोरं हसत हुती. त्यांनी उलट त्यो जरा घट्ट गुंडाळून घेतला. म्या दारात हुते. लई जीव जळला माझा, वैनी."

खोटं कशाला सांगू, त्या बंडीचा काठ बघून माझाही जीव जळतच होता. पण मी उठले नाही.

अक्कांनी लोकरीची नवी लड काढली आणि आपल्याच गुडघ्यांत अडकवून गुंडा करायला लागल्या. लड सारखी निसटत होती. मी पुढं सरकले आणि दोन्ही हात समोर धरले. त्यांनी जरा माझ्याकडं बघितलं, लड माझ्या मनगटांवर चढवली.

"ताठ धरा," त्या म्हणाल्या.