दोन ते आठ अंशांच्या दरम्यान

प्रवासाला निघालेल्या कुटुंबात सर्वांत नाजूक सदस्य कोण, असं विचारलं तर अननुभवी लोक तान्ह्या बाळाकडे नाहीतर म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवतात. हा गैरसमज आहे. सर्वांत नाजूक सदस्य म्हणजे फ्रीजमधलं औषध. बाळ रडून सांगतं, म्हातारं माणूस कण्हून सांगतं. औषध बिचारं काही न सांगता बिघडतं. शिवाय त्याला किती गारवा लागतो हे खोक्यावर स्वच्छ छापलेलं असतं : दोन ते आठ अंश. माणसाला काय लागतं हे अद्याप कोणत्याही खोक्यावर छापण्यात आलेलं नाही, त्यामुळे त्या बाबतीत कोणालाही जबाबदार धरता येत नाही.

आमच्या मोठ्या काकूंना मधुमेह आहे आणि मोठ्या काकांना शिस्त आहे. दोन्ही जुनी दुखणी. काका शीतगृहाचे व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनी बटाटे, सफरचंदं आणि लोणी गार ठेवण्यात घालवला (एकदा कोणाच्यातरी लग्नाची फुलंही, ती टिकली, लग्नाचं माहीत नाही). त्या सगळ्या वर्षांत काकू अधूनमधून म्हणत, "चला ना कुठेतरी." काका म्हणत, "माल आत आहे." माल नेहमीच आत असे.

तेव्हा निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, आणि वहिनीने दोघांना क्रूझवर न्यायचं ठरवलं. सामान उचलायला पुतण्या म्हणून मी. काकूंची या सहलीकडून एकच अपेक्षा होती. डेकवर दोन खुर्च्या शेजारी शेजारी, समोर समुद्र, आणि सूर्य मावळताना दोघांनी तिथे बसायचं. "बोलला नाहीत तरी चालेल," त्या काकांना म्हणाल्या, "नुसतं बसा." काकांनी ही मागणी तत्त्वतः मंजूर केली आणि काकूंच्या इन्सुलिनच्या व्यवस्थेला लागले.

ही व्यवस्था आदर्श होती हे आधीच नमूद करतो. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या, पिशव्यांवर टॉवेल, टॉवेलवर इन्सुलिनची पेनं, त्यावर पुन्हा टॉवेल (पेन बर्फाला टेकलं तर गोठतं आणि गोठलं की वाया जातं; हे काकांनी आम्हाला पाठ करून म्हणायला लावलं). सोबत एक थर्मामीटर आणि तो चुकला तर त्याला खोटं पाडायला दुसरा थर्मामीटर. काकूंची शाल, डोक्याचं तेल आणि वाचायची पोथी यांना जागा उरली नाही. "समुद्रावर वारा असतो हो," काकू म्हणाल्या. "म्हणजे खोकं गारच राहील," काका समाधानाने म्हणाले.

केबिनमध्ये एक छोटा फ्रीज होता. काकांनी त्याच्याकडे, लग्नाला मुलगा बघायला गेलेला वधूपिता बघतो तसं, बराच वेळ बघितलं. मग आतल्या सरबताच्या बाटल्या बाहेर काढल्या, औषध आत स्थापन केलं आणि तेवढ्यात व्यवस्थेतला घोर दोष त्यांच्या ध्यानात आला. दारालगतच्या खाचेत किल्लीचं कार्ड अडकवलं तरच खोलीत वीज. कार्ड काढून बाहेर पडलं की दिवे बंद, पंखा बंद, फ्रीज बंद. यावरून सरळ निष्कर्ष निघतो : खोलीत कोणीतरी कायम असलं पाहिजे. कोणीतरी म्हणजे कोण, यावर मतदान झालं नाही.

"बाबा, खाचेत दुसरं कुठलंही कार्ड अडकवा, चालतं," दादा म्हणाला. "सगळे तेच करतात."

"म्हणजे जहाजाला फसवायचं?"

"जहाजाला काय कळतंय त्यात."

"जहाजाला नसेल कळत. मला कळतं." काका पलंगाच्या कडेवर बसले. "आणि सगळ्यांचा माल आत नसतो."

येथून पुढे सहल सुरळीत पार पडू लागली. काका दर तासाला फ्रीजचं तापमान घरच्या ग्रुपवर पाठवत. '४.२.' मग '४.४.' मग 'दार उघडलं होतं, ५.१, चिंता नको.' घरी राहिलेले नातेवाईक प्रत्येक आकड्याला अंगठा दाखवत. सहलीच्या काळात ग्रुपवर आलेल्या संदेशांपैकी नव्वद टक्के आकडे होते. उरलेल्यांत समुद्राचे दोन फोटो, त्यांतला एक चुकून काढलेला. इंजेक्शनसाठी फ्रीजचं दार उघडण्याची परवानगी काकूंना फक्त जेवणाआधी होती, आणि तेव्हाही काका बाजूला उभे राहून म्हणत, "चटकन, चटकन."

संध्याकाळी काकू एकट्याच डेकवर जात. दोन खुर्च्या धरत. एकीवर स्वतः बसत, दुसरीवर पर्स ठेवत. लोक येऊन विचारत, "ही रिकामी आहे का?" काकू म्हणत, "येतायत ते." एका गृहस्थाने दोन वेगवेगळ्या संध्याकाळी विचारलं. दुसऱ्या वेळी तो उत्तराची वाट न बघता मान हलवून पुढे गेला. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बसा ना खोलीत घटकाभर." मी ताबडतोब काकांकडे अर्ज केला. तो अनुभवाच्या अभावी फेटाळण्यात आला.

शेवटच्या दिवशी दुपारी ग्रुपवर आकडा आला : ९.६. पाठोपाठ १०.३. घरी हाहाकार. जहाजाचा तो फ्रीज मुळात सरबतं थंड करण्यापुरताच होता, आणि बाहेरचं ऊन चढलं तसा त्याने आपला वकूब दाखवला. काकांनी खोकं छातीशी धरलं, आम्ही मागे, आणि ही मिरवणूक खालच्या मजल्यावर जहाजाच्या दवाखान्यात पोचली.

तिथल्या सिस्टरने खोकं उघडलं, न फोडलेली पेनं काढली, त्यांवर खोलीचा नंबर चिकटवला आणि आपल्या फ्रीजमध्ये ठेवली. "पहिल्याच दिवशी आणायची होती," ती म्हणाली. "सगळे आणून देतात."

"आणि हे चालू पेन?" काकांनी विचारलं.

"ते काकूंच्या पर्समध्ये राहू दे. एकदा वापरायला काढलं की त्याला फ्रीज लागत नाही. उन्हात टाकू नका, झालं. महिनाभर तरी चालतं. आतल्या कागदावर लिहिलंय की."

(काकांनी औषधाचं खोकं सर्व बाजूंनी वाचलं होतं. आतल्या कागदासाठी खोकं जास्त वेळ उघडं ठेवावं लागलं असतं.)

आता काका मोकळे झाले, असं आम्हाला वाटलं. पण सिस्टरचा फ्रीज झाला तरी फ्रीजच. काका दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने दार ढकलून त्यांनी विचारलं, "किती आहे?" सिस्टर म्हणाली, "चार." आणखी थोड्या वेळाने पुन्हा. वर सूर्य उतरायला लागला असणार. खालच्या मजल्याला खिडकी नव्हती.

काकू जिना उतरून आल्या. बाकावर काकांच्या शेजारी टेकल्या. काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "अजून एकदा विचारतो आणि येतोच."

काका उठायच्या आत काकूंनीच दाराशी जाऊन आत डोकावलं. "सिस्टर," त्या म्हणाल्या, "त्या फ्रीजमध्ये मलाच ठेवा ना. निदान दर तासाला येऊन कशी आहे म्हणून विचारतील."

सिस्टर हसली. काकू हसत नाहीत हे बघून थांबली.

शीतगृहाच्या नियमावलीत अशा प्रसंगासाठी कलम नसावं. काका उठले आणि तापमान न विचारता जिना चढू लागले. काकू त्यांच्या मागोमाग, आणि आम्ही चार पावलं मागे राहिलो.

सूर्य मावळून गेला होता (या बाबतीत जहाज कंपनी सवलत देत नाही). पाण्यावर थोडा लालसर उजेड होता तेवढाच. डेकवर काका काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बोलले नाहीत, तशी अटही नव्हती. जरा वेळाने त्यांचा हात सवयीने खिशात गेला आणि थर्मामीटर बाहेर आला. काकूंनी हात पुढे केला. काकांना वाटलं थर्मामीटर मागतायत, त्यांनी दिला. काकूंनी तो पर्समध्ये टाकला आणि हात पुन्हा पुढे केला.

परत आल्यापासून या सहलीची आमच्याकडे बरीच चौकशी होते. खोकं कुठलं, बर्फाच्या पिशव्या किती वेळ टिकल्या, जहाजवाले डॉक्टरांची चिठ्ठी मागतात का. सगळ्यांना आम्ही आनंदाने माहिती देतो. काकू कशा आहेत, असं अजून कोणी विचारलेलं नाही.

आपणही हा मजकूर उपयुक्त माहितीसाठीच वाचायला घेतला असणार, आणि ती वर दिलेली आहे. जपून ठेवावी. मात्र वाचत असताना शेजारच्या खोलीतून आपल्याला कोणीतरी दोनदा हाक मारली. आपण मान वर न करता "आलोच" म्हणालात. त्या माणसाने आता हाक मारणं थांबवलं आहे.