नाकाची शिकवणी

मला नाक आहे! तसं ते तुम्हालाही असेल, पण माझं नुसतं चष्मा टेकवायला नाही. नंदनवन वस्तीतल्या आमच्या इमारतीचा जिना चढता चढता कोणाच्या घरी काय शिजतंय ते मी सांगतो. पहिल्या मजल्यावर यमुताईंकडे झुणका, त्यांच्या समोर पाटवडी! आजवर चुकलेलो नाही. तेव्हा मिनलच्या डॉक्टरांनी तिच्या नाकाची तपासणी सांगितली, त्या क्षणी सूत्रं मी हातात घेतली.

मिनल माझी बायको. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. विजेच्या वायरीचं आवरण जागोजागी सोलवटावं, तसं तिच्या नसांचं झालंय. कधी हाताला मुंग्या, कधी डोळ्यांपुढे धूसर, आणि पाय तर मनाला येईल तेव्हाच ऐकतात. या आजारात नाकही दगा देऊ शकतं, म्हणून ही तपासणी. आता तपासणी म्हणजे आमच्या घराण्यात परीक्षाच! आणि शिकवणीशिवाय परीक्षेला बसायला आम्ही काय वेडे?

"अहो, काय बिघडलं ते पाहून राहिले ते. मार्कं नाही देऊन राहिले," मिनल म्हणाली.

"तू चूप बस वं! मेरिटमध्ये आणतो तुले!"

खरं सांगतो, माझ्या घाईचं कारण दुसरंच होतं. मिनल काटोलची. माहेरी संत्र्याची बाग. थंडी ओसरताना आंबिया बहार फुटला, झाडं फुलांनी भरली की ती दरवर्षी तेवढ्यासाठी माहेरी जायची. काही करायची नाही, झाडाखाली नुसती बसायची. परत आली की दोन दिवस तिच्या केसांतून, साडीतून त्या फुलांचा वास जायचा नाही. आजार बळावला आणि जाणं थांबलं. आता त्या दिवसांत ती खिडकीशी बसून काटोलच्या दिशेला बघत राहते. समोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, तरी बघते. मी गाडी काढतो म्हटलं की एकच उत्तर, "पाय साथ नाही देत हो. पुढल्या वर्षी पाहू." यंदाचा बहार तोंडावर आला होता आणि माझा हिशेब सरळ होता. ती नाकात पास झाली की तिला धीर येईल, आणि मग मी तिला उचलून गाडीत घालीन!

शिकवणी सुरू झाली. मसाल्याच्या डब्या, डोळ्यांवर माझा पंचा, आणि मी मास्तर. डबी हलवून उघडायची, नाकाखाली धरायची.

"ओळख!"

"लवंग."

"शाब्बास! हे?"

"कापूर. आता हिंग देसान तुम्ही."

देणारच होतो! पठ्ठी एकही चुकेना. मी हर्षाने हिंगाची डबी तिच्या तोंडाभोवती फिरवत होतो, तेवढ्यात वाटी परत करायला यमुताई दारात आल्या. पंचा बांधलेली मिनल, हातात डबी, कापराचा डबा उघडा. त्यांनी वाटी तिथेच ठेवली, हात जोडले आणि मागे न वळता उलट्या पावली गेल्या. संध्याकाळी इमारतभर झालं, सुशीलभाऊ, म्हणजे मी, घरीच बाहेरचं उतरवतात! दुसऱ्या दिवशी यमुताई रडक्या नातवाला घेऊन हजर.

"पोट्टा रात्रभर झोपत नाही गा भाऊ. याचंही काढून द्या जी!"

"अहो ताई, शिकवणी आहे ही! नाकाची!"

"हो हो, तसंच म्हणावं लागते," त्या डोळे मिचकावत म्हणाल्या. शेवटी नातवाच्या नाकाखाली वेलची फिरवली तेव्हा कुठे गेल्या. मेलं पोरगं त्या रात्री झोपलं! त्यानंतर जिन्यात माझ्या पाया पडणारे वाढले.

तपासणीचा दिवस उजाडला. तिथे चिन्मयी नावाची तरतरीत मुलगी होती. तिच्यापुढे रंगीत पेनांसारख्या बारा कांड्या. टोपण काढायचं, हुंगायचं, चार पर्यायांतून एक सांगायचं. पहिल्याच पेनाला मिनल अडखळली. दुसरं तिने तीनदा हुंगलं. माझ्या मेरिटला काय झालं? मग चिन्मयीने विचारलं, "स्ट्रॉबेरी, संत्रं, अननस की द्राक्ष?"

संत्रं! काटोलच्या मुलीला संत्रं! मी मागून हवेतच संत्रं सोलायला घेतलं. सालं काढली, फोडी केल्या, एक तोंडातसुद्धा टाकली. मिनलने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. पेन तिने परत नाकाशी नेलं, बराच वेळ धरलं, आणि हळूच म्हणाली, "नाही. मले नाही येऊन राहिला वास. अननस लिहा."

चिन्मयी मला म्हणाली, "काका, बाहेर थांबता का?"

मिनलला बारापैकी चार. मी बाकावर बसून राहिलो, तर चिन्मयीच बाहेर आली. "काका, तुलनेसाठी निरोगी लोकांचीही तपासणी करतो आम्ही. बसता का?"

बसता का! मी बाह्या सरसावल्या. पहिलं पेन हुंगलं. काहीच नाही. "हे रिकामं आहे," मी म्हणालो. दुसरंही रिकामं. तिसऱ्याला वाटलं, कंपनीच चोर दिसते. बारापैकी तीन! मिनलपेक्षा एक कमी!

"शक्यच नाही!" मी ओरडलो. "मी जिन्यातून ओळखतो, यमुताईंकडे झुणका..."

"सोमवारी झुणकाच असते त्यांच्याकडे," मिनल खुर्चीतून म्हणाली. "समोर बुधवारी पाटवडी. तुम्हाले वार ओळखता येतात, वास नाही."

गाडीत मी विचारलं, "मग घरी तुले सगळे बरोबर कसे आले वं?"

"लवंगा डबीत खुळखुळतात. कापूर नाकात थंड लागते. हिंग असला का तुम्ही आधीच नाक वाकडं करता, ते पंच्याखालून दिसे. तुम्ही इतके खुश होते, काय सांगू!" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "किती दिवसांपासून नाही येत मले वास. काटोलले काहून नाही गेली मी? पायाचं नव्हतं ते. तिथं जाऊन बहाराचा वास नाही आला तर? न गेलं तर निदान डोक्यात तरी राहते तो."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं. मी गाडी घराकडे वळवलीच नाही.

"कुठं जाऊन राहिलो आपण?"

"काटोलले. तिथं मलेही येणार नाही. दोघं नापास सोबत बसू."

ती रस्ताभर पदर मुठीत घट्ट धरून बसली होती.

काटोलला बागेपाशी गाडी थांबली. दार उघडताच तिच्यासाठी मी छाती भरून श्वास घेतला, "अहाहा! काय घमघमाट!" त्याच वेळी माझ्यासाठी तीही डोळे मिटून म्हणाली, "अगदी तोच!"

समोर तिचे थोरले भाऊ मनोहरराव उभे होते. ते आमच्याकडे बघतच राहिले. "जवाईबापू, उकिरड्यापाशी गाडी लावली तुम्ही. बहार पुढं आहे, विहिरीजवळ."

मिनल अशी हसली, अशी हसली, की मनोहररावांनी पाणी आणलं. असं हसू मी किती वर्षांनी ऐकलं!

आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून झाडाखाली नेलं. पांढरी फुलं तिच्या मांडीवर पडत होती. तिने मूठभर घेऊन नाकाशी धरली आणि मान हलवली. डोळे भरून आले होते. "नाही येत हो," ती म्हणाली.

"मलेही. कसा असते सांग ना."

ती सांगू लागली. आधी गोड वाटते, मग जराशी कडू किनार. आईने नुकतंच डोकं धुतलं आणि आपण तिच्या पाठीला टेकलो, तसा. पहाटे हलका, उन्हं चढली का दाटते. ती सांगत राहिली, मी डोळे मिटून ऐकत राहिलो, आणि शपथेवर सांगतो, एकदा मला तो वास आला!

चार पर्यायांपैकी कोणता, ते तेवढं विचारू नका.